द्वारपालाचा धर्म

दारावर कोणी तरी उभें असणें ही गोष्ट आम्हां हिंदी लोकांस नवी नाहीं. वैकुंठाच्या दारावरही जय आणि विजय उभे होतेच. त्यांनीं सनकादिक ऋषींना आडविलें, ऋषींनीं त्यांस शाप दिला, आणि त्या शापापायीं हिरण्याक्ष-हिरण्यकशिपूंपासून शिशुपाल-दंतवक्त्रांपर्यंत त्यांस तीन जन्म घ्यावे लागले, ही कथा वाचकांस ठाऊक आहे. परंतु तींतील एका गोष्टीकडे आमचें लक्ष इतके दिवस गेलें नव्हतें. दारावर गलबला झाल्याचें कळतांच प्रत्यक्ष विष्णु लक्ष्मीसह बाहेर आला, आणि सेवकांचा अपराध तो आपलाच अपराध, असें त्यानें ऋषींपुढें कबूल केलें. म्हणजे वैकुंठांतही आडविणाऱ्याला तोंड होतें, आडविलेल्याला दाद मागतां येत होती, आणि द्वारपालाच्या मागें जो धनी होता त्याला दारापर्यंत येऊन उत्तर द्यावें लागलें. गेल्या वर्षीं घडलेल्या एका लहानशा प्रसंगामुळें ही कथा आम्हांस नव्यानें आठवली.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें दोन-तीन वर्षें खपून वऱ्हाडी म्हणींचा एक संग्रह केला. अमरावती, अकोला, यवतमाळ या जिल्ह्यांतील खेड्यांत हिंडून, म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडून ऐकून त्यानें तीनशेंच्यावर म्हणी टिपल्या. पूर्वीं त्यानें त्यांचें पुस्तक छापलें असतें. हल्लींच्या रीतीस अनुसरून त्यानें त्यांचें ‘ॲप’ केलें. पुस्तक छापलें कीं तें सीताबर्डीवरील कोणत्याही दुकानांत ठेवतां येतें, निदान पदपथावर मांडतां येतें. ॲप मात्र लोकांच्या हातीं पडावयाचें तर मोबाईलबरोबरच येणाऱ्या एका ठराविक दुकानांतून जावें लागतें. त्या दुकानानें तें नाकारलें. इंग्रजींत चार ओळींचा निरोप आला कीं, आपल्या ॲपमधील मजकूर आमच्या धोरणांत बसत नाहीं. कोणता मजकूर, कां बसत नाहीं, हें लिहिलें नव्हतें. खालीं कोणाची सहीही नव्हती. त्यानें फेरविचाराची विनंती केली, तेव्हां पुन्हा त्याच चार ओळी आल्या.

आतां या म्हणींत कांहीं अशा आहेत कीं, त्यांतील शब्द वऱ्हाडांतला शेतकरी सुनेदेखत निःशंकपणें उच्चारतो, परंतु पांढरपेशा घरांत त्यांचा उच्चार होत नाहीं. बहुधा एखाद्या यंत्रानें त्या शब्दांवर बोट ठेवलें असावें, असा तर्क करून आमच्या विद्यार्थ्यानें अंदाजानें तेवीस म्हणी काढून टाकल्या. दोन दिवसांत ॲप स्वीकारलें गेलें. तो पेढे घेऊन आमच्याकडे आला आणि म्हणाला, “सर, झालं एकदाचं पास!” आम्हींही त्याचें अभिनंदन केलें, पेढा खाल्ला, आणि तो गेल्यावर मात्र मन अस्वस्थ झालें. तेवीस म्हणी गेल्या होत्या. त्यांवर कोणीं बंदी घातली नव्हती. त्या कोणा मनुष्यानें वाचल्या तरी होत्या कीं नाहीं याची शंका होती. आणि उद्यां जो कोणी तें ॲप उघडील त्याला, आपल्या भाषेंतील तेवीस म्हणी दारांतून परत गेल्या आहेत, हें कधींही कळणार नव्हतें.

त्या दुकानाचें नांव येथें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. प्रश्न एका दुकानाचा नाहीं. प्रश्न असा आहे: ज्याला आपण नेमलें नाहीं, जो दिसत नाहीं आणि जो कारण सांगत नाहीं, असा द्वारपाल आपल्यापर्यंत काय यावें हें ठरवीत असेल, तर उरलेल्या वस्तूंतून आपण जी निवड करतों तिला आपली निवड म्हणतां येईल काय?

याला एक सरळ उत्तर देण्यांत येतें. दुकान ज्याचें आहे त्यानें त्यांत काय ठेवावें हा त्याचा हक्क आहे. तुम्हांस तें रुचत नसेल तर दुसऱ्या दुकानांत जा. हें उत्तर इतवारीच्या बाजारांत अगदीं बरोबर आहे. तेथें एका व्यापाऱ्यानें अमुक माल ठेवला नाहीं तर गिऱ्हाईक चार पावलें पुढें जातें. परंतु शहरांत येण्याचा रस्ताच एक असेल आणि त्यावर एकच नाका असेल, तर त्या नाक्यावरील मनुष्याला नुसता दुकानदार म्हणणें ही शब्दांची थट्टा होय. नागपुरांतील जकात उठून आज बरीच वर्षें झालीं. तो नाका कोणासही प्रिय नव्हता. पण जकातीचा कारकून गाडी थांबवून पैसे घेई. शहरानें ज्वारी खावी कीं गहूं खावा हें तो ठरवीत नसे. शिवाय तो तेथें बसलेला सर्वांस दिसे, आणि पावती देई.

आपल्या देशांतील बहुसंख्य मोबाईल अँड्रॉइड प्रणालीवर चालतात, आणि त्यांवर गूगलचें प्ले स्टोअर आधींच बसविलेलें असतें. आयफोन घ्यावा तर तेथें ॲपलचें ॲप स्टोअर आहे. म्हणजे कोट्यवधि लोकांचे रस्ते दोन, आणि प्रत्येकाच्या हातांतील यंत्रापुरता बहुधा एकच. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें पांच दिवसांच्या अंतरानें दोन निकाल देऊन गूगलला प्रथम १३३७.७६ कोटी आणि नंतर ९३६.४४ कोटी रुपये दंड केला. यांतील दुसरा निकाल प्ले स्टोअरमधील पैसे घेण्याच्या पद्धतीसंबंधीं होता. अपील न्यायाधिकरणानें मार्च २०२५ मध्यें या दुसऱ्या दंडाची रक्कम २१६.६९ कोटींवर आणली. पण आपल्या प्रबळ स्थानाचा कंपनीनें गैरवापर केला, हा निष्कर्ष अंशतः कां होईना, कायम राहिला. मधल्या काळांत, १ मार्च २०२४ रोजीं, शुल्काच्या वादावरून दहा भारतीय कंपन्यांचीं ॲप्स काढण्यास गूगलनें सुरुवात केली. आमची सेवा वर्षानुवर्षें वापरून हे लोक तिचें मोल देत नाहींत, ही कंपनीची बाजू होती, आणि ती अगदींच पोकळ म्हणतां येणार नाहीं. तरी लग्नें जुळविणारीं आणि नोकऱ्या शोधून देणारीं नामांकित ॲप्स बघतां बघतां नाहींशीं झालीं, आणि केंद्र सरकारनें मध्यस्थी केल्यावर कांहीं दिवसांतच परत आलीं. मोठ्या कंपन्यांसाठीं मंत्री धांवून आले, हें ठीकच झालें. तेवीस वऱ्हाडी म्हणींसाठीं कोणता मंत्री धांवणार?

येथें बंदीच्या दोन प्रकारांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें ‘कीचकवध’ हें नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली. ती बंदी अन्यायाची होती. पण ती कोणीं घातली हें महाराष्ट्रांतील पोराबाळांस ठाऊक होतें. कोणत्या कायद्यानें घातली हेंही माहीत होतें, कारण १८७६ चा नाटकांसंबंधींचा कायदा छापील होता. कीचक म्हणजे कोण हें ज्यांच्या ध्यानांत आलें नव्हतें त्यांच्याही तें बंदीमुळेंच ध्यानांत आलें. अशी बंदी जितकें लपविते तितकेंच उघडें करिते. ज्याच्याशीं झगडावयाचें तो समोर उभा असतो.

स्वराज्यांतही आपण असे झगडे पाहिले आहेत. नोव्हेंबर २०१२ मध्यें, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयीं फेसबुकवर चार शब्द लिहिल्याबद्दल एका तरुणीला, आणि ते शब्द आवडल्याची खूण केल्याबद्दल तिच्या मैत्रिणीला, पालघर येथें अटक झाली. त्या अटकेनें सारा देश हादरला, आणि ज्या कायद्याचा तींत आधार घेतला होता तें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयानें २४ मार्च २०१५ रोजीं रद्द केलें. पुढें २०२३ सालीं केंद्र सरकारनें असा नियम केला कीं, सरकारच्या कारभारासंबंधींचा कोणता मजकूर खोटा आहे हें सरकारनेंच नेमलेल्या कक्षानें ठरवावें. मुंबई उच्च न्यायालयांत त्यावर दोन न्यायमूर्तींचा मतभेद झाला. तेव्हां प्रकरण न्या. अतुल चांदूरकर यांजकडे गेलें, ज्यांनीं नागपुरांत वर्षानुवर्षें वकिली केली होती. सप्टेंबर २०२४ मध्यें त्यांचें मत नियमाविरुद्ध पडलें आणि नियम टिकला नाहीं. या दोन्ही प्रसंगीं न्याय मिळाला तो एवढ्याचकरितां कीं, आडविणाऱ्याचें नांव, कलम आणि कारण हीं तिन्ही कागदावर होतीं.

पण सरकारी बंदी सगळीच अशी उघडी असते असें नाहीं. ज्या निकालानें ६६-अ रद्द झालें त्याच निकालानें ६९-अ हें कलम आणि त्याखालील २००९ चे नियम कायम ठेवले. त्यांत कारणें लेखी नोंदविण्याची अट आहे हें खरें. परंतु तक्रार आणि तिच्यावरील कारवाई यांविषयीं कडक गुप्तता पाळण्याचीही अट आहे. याच कलमाखालीं २९ जून २०२० रोजीं टिकटॉकसह ५९ चिनी ॲप्सवर बंदी आली. ती निदान जाहीर झाली. इतर कित्येक आज्ञा सामान्य वाचकाच्या दृष्टीसही पडत नाहींत. आणि दुकानदाराच्या धोरणाला तर कलमही नाहीं, न्यायालयही नाहीं, राजपत्रही नाहीं.

हे दोन द्वारपाल, राजसत्ता आणि मक्तेदार व्यापारी, एकमेकांपासून दूर असतात असें कोणी समजूं नये. इंग्रजी वाङ्मय शिकवितांना आम्ही गेलीं तीस वर्षें मिल्टनचा १६४४ सालचा निबंध विद्यार्थ्यांस समजावून देत आलों आहों. छापण्यापूर्वीं परवाना घेतलाच पाहिजे या आदल्या वर्षींच्या हुकुमाविरुद्ध तो लिहिलेला आहे. तो शिकवितांना पार्लमेंटवर आम्ही पुष्कळ बोललों. पण त्या परवान्याचें काम प्रत्यक्ष कोणाच्या हातून होत होतें, हें सांगावयाचें बहुतेक राहून जाई. तें काम लंडनच्या पुस्तकविक्यांच्या मंडळीकडे होतें. १५५७ सालीं राणी मेरीच्या सनदेनें या मंडळीला छपाईचा जवळजवळ मक्ता मिळाला होता, आणि बेकायदा छापखाने हुडकून पुस्तकें जप्त करण्याचा अधिकारही मिळाला होता. राजाला नको असलेलें पुस्तक मंडळी दाबून टाकी, आणि मंडळीला नको असलेला प्रतिस्पर्धी राजाच्या नांवानें दाबला जाई. दोघांचेंही काम एकाच कुलुपानें होत असे. हें कुलूप उघडलें १६९५ सालीं. त्यावेळीं लोकसभेनें जीं कारणें दिलीं त्यांत विचारस्वातंत्र्याचीं उदात्त तत्त्वें फारशीं नव्हतीं. व्यापाराला होणारा जाच, तपासणीच्या नांवाखालीं होणारा छळ, असल्याच तक्रारी होत्या. म्हणूनच आयोगाचे निकाल केवळ टक्केवारीचे आहेत म्हणून त्यांना नाक मुरडूं नये, असें आम्हांस वाटतें. इंग्लंडांत मुद्रणाला मोकळीक मिळाली ती अशाच हिशेबाच्या वहींतून.

रस्ता एक असला कीं राज्यकर्त्याला शेंकडों दारें ठोठवावीं लागत नाहींत, एक कडी धरली कीं पुरें होतें. ऑक्टोबर २०१९ मध्यें हाँगकाँगमधील पोलिसांच्या हालचाली नकाशावर दाखविणारें एक ॲप चिनी सरकारी वृत्तपत्राच्या टीकेनंतर ॲपलनें काढून टाकलें. सप्टेंबर २०२१ मध्यें रशियांत मतदान सुरू झालें त्याच दिवशीं, विरोधी पुढारी नवाल्नी यांच्या पक्षाचें मतदारांस सल्ला देणारें ॲप, रशियन सरकारच्या दडपणाखालीं ॲपल आणि गूगल या दोघांनींही काढून टाकलें. कंपन्यांनीं असें कां केलें हें समजण्यासारखें आहे; त्यांचे नोकर त्या देशांत राहत होते. पण ज्या दाराची कडी धनी स्वतः राखूं शकत नाहीं, त्या एका दारावर आपण आपलें सारें वाचन आणि सारें बोलणें सोंपवावें काय, हा विचार समजूतदार मनुष्यानें केला पाहिजे.

आतां दुसरी बाजूही न्यायानें मांडली पाहिजे. दारावर कोणीच नसावें असें आमचें म्हणणें नाहीं. दहा मिनिटांत कर्ज देतों म्हणून गरजवंताच्या मोबाईलमधील सारे पत्ते आणि छायाचित्रें उचलणारीं आणि मग त्याच्या नातेवाइकांत त्याची बेअब्रू करणारीं ॲप्स आपल्या राज्यांत थोडीं नव्हतीं. त्या जाचाला कंटाळून माणसांनीं जीव दिले आहेत. सप्टेंबर २०२२ ते ऑगस्ट २०२३ या काळांत गूगलनें असलीं २२०० हून अधिक कर्जाचीं ॲप्स काढलीं. हें काम झालें तें चांगलेंच झालें. मुलांच्या हातीं मोबाईल देणाऱ्या आईबापांनाही कोणी तरी पहारेकरी हवा असतो, आणि आम्हीही नातवंडांचे आजोबा आहों.

परंतु विष ओळखणें निराळें आणि चव ठरविणें निराळें. अन्नांत भेसळ आहे कीं नाहीं हें पाहणारा निरीक्षक आपणांस हवा असतो. तोच उद्यां म्हणूं लागला कीं मिरचीचा ठेचा फार तिखट म्हणून मी तो गांवांत येऊं देणार नाहीं, तर नागपूरकर त्याचें काय करतील हें सांगावयास नको. शिवाय रक्षणाचें कारण खरें असेल तर तें सांगतां येतें. अमुक ॲप तुमचे पत्ते चोरतें, हें उघड सांगण्यांत कोणाचें काय बिघडतें? कारण सांगण्याचें टाळलें जातें तें बहुधा, कारण नसतें किंवा तें सांगण्यासारखें नसतें, म्हणूनच. यास्तव द्वारपालाचा धर्म आम्हांस तीन गोष्टींत दिसतो. त्याला तोंड असावें, म्हणजे आडविल्यावर कोणा मनुष्याशीं बोलतां यावें. त्यानें कारण सांगावें, आणि तें आडविलेल्याला कळेल अशा भाषेंत सांगावें. आणि आपल्याशिवाय दुसरें दार असूं द्यावें. युरोपांत मार्च २०२४ पासून कायद्यानें आयफोनवर दुसरीं दुकानें उघडूं देणें ॲपलला भाग पडलें, तें या तिसऱ्या गोष्टीकरितांच. दुसऱ्या दारानें जाणाऱ्याला आपण धोका पत्करीत आहों हें अवश्य सांगावें; पण सज्ञान मनुष्याला सांगणें वेगळें आणि त्याचा हात धरणें वेगळें.

हें लिहीत असतां एक जुनी गोष्ट आमच्या मनांत सारखी टोंचत आहे. ती लपविणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पुष्कळ वर्षांपूर्वीं कॉलेजच्या वार्षिकांकाचे संपादक असतां आम्हीं एका विद्यार्थ्याची कविता गाळली. तींत कॉलेजच्या कारभारावर कांहीं टोंचणी होती. आम्हीं त्याला नकार कळविला नाहीं. जागा नव्हती, एवढेंच मनाशीं म्हटलें. अंक निघाल्यावर तो मुलगा सरळ आमच्या खोलींत आला आणि म्हणाला, “सर, माझी कविता वाईट होती का?” या साध्या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हतें. कविता वाईट नव्हती. ‘जागा नव्हती’ हे शब्द आम्ही त्याच्या डोळ्यांकडे पाहून उच्चारूं शकलों नाहीं. खरें कारण सांगावें लागलें, आणि तें सांगतांना तें किती हलकें आहे हें आमचें आम्हांसच ऐकूं आलें. पुढील अंकांत ती कविता आली. त्यानें कॉलेज पडलें नाहीं. त्या मुलाचा आम्हीं अपराध केला होता, पण त्याला खोलीचें दार ठाऊक होतें, आणि आंत एक मनुष्य बसलेला होता. आमच्या म्हणीवाल्या विद्यार्थ्याला तें दार कोठें मिळावें? तो यंत्राला कसें विचारणार कीं, माझ्या आजीची भाषा वाईट आहे का?

आणि म्हणूनच त्यानें विचारलें नाहीं. त्यानें अंदाज केला आणि काटछाट केली. न दिसणाऱ्या द्वारपालाचा खरा प्रताप हाच होय. तो आपणांस दारावर आडवीत नाहीं; घरून निघण्यापूर्वींच आपण आपली झडती घेऊं लागतों. सरकारच्या कात्रीनें कापलेलें नाटक तरी कापलेलें दिसतें. स्वतःच्या हातानें आगाऊ कापलेल्याची खूण उरत नाहीं, आणि कांहीं दिवसांनीं आपण कापलें होतें हें आपणही विसरतों.

यांत वाचकाचा, म्हणजे तुमचा-आमचा, कांहीं दोष नाहीं काय? आम्हांस वाटतें, मोठाच आहे. एका दुकानांत सारें मिळतें, बोट लावलें कीं येतें, फसलों तर पैसे परत मिळतात, ही सोय आपणांस इतकी गोड वाटली कीं, दुसरें दार आहे कीं नाहीं हें आपण पाहिलेंच नाहीं. स्वातंत्र्याला खर्च असतो. निवड करावयाची म्हणजे शोधावें लागतें, पारखावें लागतें, कधीं फसावें लागतें, आणि फसलों तर तो दोष आपल्या पदरीं घ्यावा लागतो. हा खर्च ज्याला नको त्याच्यासाठीं निवड करणारा कोणी तरी नेहमींच तयार असतो, आणि तो फुकट काम करीत नाहीं. लहान मुलासारखें जपून घेण्याची हौस असलेल्या प्रौढांनीं, आपणांस लहान मुलासारखें वागविलें जातें म्हणून तक्रार करणें शोभत नाहीं.

आम्हीं त्या विद्यार्थ्याला पुन्हा बोलावून घेतलें आणि विचारलें कीं, गाळलेल्या म्हणी परत घालतां येत नसतील तर निदान त्या गाळल्या आहेत एवढें तरी वाचकाला सांगतां येईल काय? तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, नंबर तसेच ठेवतो.” त्यानें तसेंच केलें. आतां त्या ॲपमध्यें एकशेंसोळाव्या म्हणीनंतर एकदम एकशेंएकोणिसावी येते. परवां त्याला अकोल्याकडील कोणा अनोळखी गृहस्थाचें पत्र आलें. त्यांत एवढाच प्रश्न होता कीं, एकशेंसतरावी आणि एकशेंअठरावी कोठें आहेत? विद्यार्थ्यानें त्या दोन्ही म्हणी कागदावर लिहून टपालानें पाठविल्या.